नेलेलं उत्पादन परत आणताना

2009 साली आमच्या पंपाची लाइन परदेशात गेली, तेव्हा ड्रॉइंगची फाइल घेऊन विमानात बसले होते ती मीच. तेरा वर्षांनी तीच लाइन मायदेशी परत आणायचं काम आलं, तेही माझ्याकडेच. दोन्ही वेळा निर्णय एका तक्त्यावरून झाला: एक पंप बनवायला किती खर्च येतो? पहिल्या तक्त्यात आकड्यांचा एकच रकाना होता. दुसऱ्यात एकोणीस होते. हे रकाने एकाचे एकोणीस कसे झाले, आणि एवढं करून परत येताना आम्हाला काय काय नव्याने शिकावं लागलं, ते लिहून ठेवावंसं वाटतं. या वाटेने अजून पुष्कळ कारखाने जातील.

आम्ही घरगुती वापराचे छोटे पाण्याचे पंप बनवतो. त्यात भाग फार नसतात. बिडाचं केसिंग, शाफ्ट, दोन बेअरिंग, पाणी ढकलणारं फिरतं चाक म्हणजे इंपेलर, पाणी अडवणारं सील, स्टॅम्पिंगच्या (पत्र्यातून कापलेल्या चकत्यांच्या) चळतीवर तांब्याच्या तारेचं वाइंडिंग, मोटर चालायला मदत करणारा कपॅसिटर आणि वरून प्लास्टिकचं कव्हर. 2008 च्या मंदीने विक्री घसरली होती. परदेशातल्या कारखान्याने दिलेला दर आमच्या स्वतःच्या खर्चापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होता. व्यवस्थापनाने विचारलं, "दर्जा सांभाळतील का?" मी तिथे जाऊन, पाहून आले आणि हो म्हणाले. माझा तो होकार खोटा नव्हता.

त्या वेळचा निर्णय मूर्खपणाचा होता असं मी आजही म्हणणार नाही. मजुरी कमी होती, पण मला भुरळ पडली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या गावात वाइंडिंगची तार, बेअरिंग, कपॅसिटर, मोल्ड म्हणजे साचे बनवणारे, ते दुरुस्त करणारे असे सगळे तासाभराच्या अंतरात होते. सकाळी एखादा भाग बिघडला तर दुपारी दुसरा हजर. आमच्याकडे मोल्ड बनायला तीन-चार महिने लागायचे, ते तिथे पाच आठवड्यांत हातात मिळायचं. आणि समुद्रावरचं अंतर तर कुणी मोजतच नव्हतं. 26 एप्रिल 1956 ला 'आयडियल-एक्स' नावाचं जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला 58 कंटेनर घेऊन गेलं. जहाजात माल एकेक नग करून चढवायचं युग तेव्हापासून मावळत गेलं, आणि पुढच्या पन्नास वर्षांत वाहतूक इतकी स्वस्त झाली की अंतराला खर्च असतो हेच आम्ही विसरलो. 2001 च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आल्यावर तर जगभरातल्या परचेस खात्यांनी याच दिशेने धाव घेतली. त्या धावणाऱ्यांत मीही होते.

आमचं वाइंडिंग खातं बंद झालं, यंत्रं विकली गेली. चौसष्ट माणसं त्या लाइनवर होती. काहींना दुसऱ्या खात्यात घेतलं, बरेच जण गेले. शेवटच्या दिवशी वाइंडिंगच्या एका जुन्या कारागिराने स्वतःची गुंडाळायची लाकडी फॉर्मा आणि दोन पक्कडी कापडात बांधून घरी नेल्या. त्याचं मोल तेव्हा मला कळलं नव्हतं.

पहिली चार-पाच वर्षं खरोखर चांगली गेली. नंतर 2014 मध्ये तक्रारी यायला लागल्या. पंप तीन महिने चालतो, मग शाफ्टजवळून पाणी झिरपतं. आम्ही टेस्ट बेंचवर पंप लावले आणि चौथ्या दिवशी कारण सापडलं. सीलमधलं रबर बदललं होतं. तिकडच्या सील बनवणाऱ्याने मिश्रण बदललं, पंप बनवणाऱ्याला सांगितलं नाही, त्यामुळे आम्हालाही कळलं नाही. उपाय सोपा होता, जुनं मिश्रण वापरायचं. पण तोवर दोन कंटेनर समुद्रात होते, एक बंदरात उभा होता, तिकडे एक लॉट पॅक होऊन तयार होता आणि आमच्या गोदामात पाच आठवड्यांचा साठा होता. सगळ्यांत तेच रबर. समुद्रात असलेला माल परत बोलावता येत नाही, तो येईपर्यंत वाट पाहायची आणि आला की उघडायचा. आम्ही सील विमानाने मागवली, माणसं बसवून एकेक पंप उघडला, सील बदललं, पुन्हा तपासला, पुन्हा खोक्यात घातला. चूक सापडायला चार दिवस लागले आणि निस्तरायला अकरा आठवडे.

त्या अकरा आठवड्यांचा खर्च कुठे लिहिला गेला, ते मला बऱ्याच वर्षांनी समजलं. विमानाचं भाडं वाहतूक खात्यात, माणसांची मजुरी सर्व्हिस खात्यात, ग्राहकाला बदलून दिलेले पंप वॉरंटीत. परचेसच्या तक्त्यात पंपाचा दर होता तसाच स्वस्त राहिला. त्या वर्षी खर्च कमी केल्याबद्दल आमच्या खात्याचं कौतुकही झालं, आणि ते मी स्वीकारलं. आज आठवलं की वाईट वाटतं.

दुसरा तोटा हळूहळू झाला म्हणून दिसला नाही. ऑर्डर द्यायची ती पाच महिने आधी. पाच महिन्यांनी कुठलं मॉडेल किती खपेल याचा अंदाज करायचा, आणि तो चुकला की एक मॉडेल गोदामात धूळ खात पडायचं, दुसऱ्यासाठी ग्राहक ताटकळायचा. त्याहून वाईट म्हणजे आमच्या डिझाइन खात्याने सुधारणा सुचवणं जवळपास बंद केलं. एक भोक दोन मिलिमीटर सरकवायचं तरी नवं ड्रॉइंग, तिकडून दर, मोल्डमधल्या बदलाचा खर्च, सॅम्पल, कुरिअर, मंजुरी. मग "आहे ते चाललंय ना" अशी सवय लागते. 2015 नंतर आमच्याकडे लागलेल्या इंजिनिअर मुलामुलींनी पंप बनताना कधी पाहिलाच नव्हता. ते संगणकावर सुंदर मॉडेल बनवायचे, पण तार खाचेत शिरताना कुठे घासते हे त्यांना कुठून कळणार?

2020 मध्ये जे झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. खरं तर इशारे आधीच मिळाले होते. मार्च 2011 च्या भूकंपाने आणि त्सुनामीने जपानमधले सुट्या भागांचे कारखाने थांबले आणि दूरदूरच्या देशांतल्या मोटारींच्या लाइनी अडल्या. त्याच वर्षी थायलंडच्या पुराने जगात हार्ड डिस्कची टंचाई झाली. आम्ही त्या बातम्या वाचल्या आणि त्या दुसऱ्यांच्या समजलो. मग 23 मार्च 2021 ला 'एव्हर गिव्हन' हे सुमारे 400 मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतलं आणि 29 तारखेपर्यंत वाट बंद राहिली. जगाच्या व्यापारातला साधारण 12 टक्के माल तेव्हा त्या वाटेने जात होता. आमचा एकही खोका त्या जहाजावर नव्हता, तरी फटका बसला. रिकामे कंटेनर जिथे हवेत तिथे पोचेनात, आणि भाडं इतकं चढलं की काही महिने एका पंपामागचं वाहतुकीचं ओझं आमच्या नफ्याहून मोठं झालं. 2022 च्या एप्रिल-मे मध्ये शांघाय टाळेबंदीत गेलं. त्या दोन महिन्यांत आम्ही ग्राहकांना तीन वेळा तारखा दिल्या आणि तिन्ही वेळा शब्द मोडला. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. वीस वर्षं आमच्याकडून पंप घेणाऱ्या एका विक्रेत्याने फोनवर आवाज न चढवता एवढंच विचारलं, "तुमचा माल कधी येणार, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं.

त्याच महिन्यात मला सांगण्यात आलं, परत आणायचं झालं तर काय पडेल ते काढा.

मी आधी जुन्या पद्धतीने दोन दर शेजारी मांडले. तिकडचा दर 100 धरला तर आपल्याकडे बनवलेला पंप 127 ला पडत होता. एवढ्यावर कुणीच हो म्हटलं नसतं. मग एकूण खर्च मोजायची पद्धत शोधू लागले. अमेरिकेत हॅरी मोझर यांनी 2010 मध्ये 'रीशोअरिंग इनिशिएटिव्ह' सुरू केला. त्यांच्याकडे अशा हिशेबाचा तक्ता कुणालाही फुकट वापरायला मिळतो. त्यांचं म्हणणं साधं आहे: बहुतेक कंपन्या नगाचा दर पाहतात, फार तर वाहतूक आणि जकात मिळवतात, आणि उरलेलं सगळं दुसऱ्या खात्यांत विखुरलेलं राहतं. आमचं हुबेहूब तसंच झालं होतं.

पुढचे सहा आठवडे मी दुसऱ्या खात्यांच्या दारात घालवले. वाहतूक, विमा, जकात, बंदरात माल अडकल्याचं भाडं, घाईचं विमानभाडं, तपासणीसाठी आमच्या माणसांचे दौरे, तिथे ठेवलेल्या तपासनिसाचं मानधन, रीवर्क म्हणजे खराब मालाची दुरुस्ती, वॉरंटी, न खपता पडून राहिलेला साठा, गोदामाची जागा, चलनाचा चढउतार. आणि अडकून पडलेला पैसा. हा रकाना मी कधी मनावर घेतला नव्हता. माल जहाजावर चढला की कागदपत्रं बँकेत जातात आणि पैसे द्यावे लागतात. मग तो माल सहा-सात आठवडे पाण्यावर, नंतर गोदामात. आपला पैसा तरंगत असतो आणि त्यावर आपण व्याज भरत असतो. अकाउंट्समधल्या सहकाऱ्याने तो आकडा काढून माझ्यासमोर ठेवला, तेव्हा तो स्वतःही थोडा वेळ गप्प बसला.

हुकलेल्या ऑर्डरींचा रकाना मी कोरा ठेवला. नुकसान मोठं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण सिद्ध करता येणारा आकडा माझ्याकडे नव्हता. परत आणायचंच म्हणून मी हिशेब फुगवला, असं कुणी म्हणायला जागा ठेवायची नव्हती.

सगळे रकाने मिळवल्यावर तिकडच्या 100 चे 121 झाले. म्हणजे फरक 27 वरून 6 वर आला. बैठकीत पहिला प्रश्न आला तो रास्तच होता, "सहा म्हणजे तरी सहा आहेतच ना?" माझं उत्तर असं की 127 हा आकडा 2009 चा पंप 2009 च्या पद्धतीने बनवण्याचा आहे. तो पंप तसाच परत आणला तर आपण हरणार. आधी पंप बदलायला हवा.

इथे मी दोन उदाहरणं दिली. जनरल इलेक्ट्रिकने 2012 मध्ये 'जिओस्प्रिंग' हा पाणी तापवायचा हीटर चीनमधून अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या आपल्या कारखान्यात आणला. आणताना डिझाइनवाले आणि लाइनवर काम करणारे एकत्र बसले, जोडणीला अवघड असलेली जुनी रचना मोडून सोपी केली आणि किंमत उलट उतरवता आली. तरीही 2016 च्या अखेरीस कंपनीने ते उत्पादनच बंद केलं, कारण खपच पुरेसा नव्हता. हे मी लपवलं नाही. दुसरं उदाहरण अदिदासचं. त्यांनी जर्मनीत आन्सबाख इथे आणि अमेरिकेत अटलांटाजवळ यंत्रमानवांवर चालणारे बुटांचे 'स्पीडफॅक्टरी' कारखाने काढले, आणि 2019 च्या नोव्हेंबरात ते बंद करून ते तंत्र आशियातल्या पुरवठादारांकडे नेणार असं जाहीर केलं. म्हणजे नुसतं यंत्र आणल्याने काम घरी राहत नाही. तेच यंत्र उद्या तिकडेही बसतं, आणि तिकडे भोवती पुरवठादारांचं अख्खं गाव असतं. वाइंडिंगचं स्वयंचलित यंत्र घेतलं की झालं, असं मानणाऱ्यांना मला हेच दाखवायचं होतं.

सरकारी मदतीचीही चर्चा झाली. जपानने 2020 मध्ये उत्पादन मायदेशी आणणाऱ्या कंपन्यांना अनुदान दिलं, अमेरिकेने ऑगस्ट 2022 मध्ये चिपच्या कारखान्यांसाठी कायदा केला. आमच्यासारख्या मध्यम कारखान्याच्या पंपाला यातलं काही लागू नव्हतं. जे करायचं ते स्वतःच्या पैशाने. शेवटी मंजुरी मिळाली ती एका मॉडेलसाठी, आमच्या सर्वात जास्त खपणाऱ्या छोट्या पंपासाठी.

तिकडच्या कारखान्याला कधी सांगायचं, यावर आमच्यात मतभेद झाले. काहींचं म्हणणं होतं, साठा भरून घ्या आणि मग कळवा, नाहीतर ते माल अडवतील. मला ते पटेना. तिथल्या दर्जा विभागाच्या प्रमुख बाईंबरोबर मी अकरा वर्षं काम केलं होतं. त्या रबराच्या प्रकरणात स्वतःच्या मालकाशी भांडून सील बनवणाऱ्याची वही त्यांनीच मला उघडून दाखवली होती. मी नऊ महिने आधी सांगितलं. त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "शेवटच्या ऑर्डरचा आकडा लवकर कळवा, म्हणजे मला माणसं दुसऱ्या लाइनवर लावता येतील." आमच्या चौसष्ट जणांचा असा विचार 2009 मध्ये मी केला होता का, हे मी स्वतःला विचारलं. केला नव्हता.

साठा भरणं आवश्यकच होतं. जुनी लाइन थांबते आणि नवी धड चालू लागते, या दोन तारखांमध्ये बाजार कोरडा पडता कामा नये. आम्ही चार महिन्यांचा साठा धरला. लागला सहाचा. उरलेले दोन महिने आम्ही ग्राहकांना कसेबसे वाटून वाटून पंप दिले.

मोल्डचं प्रकरण वेगळंच निघालं. पैसे आमचे होते, पण जुन्या करारात मालकीचं वाक्य इतकं ढिसाळ लिहिलेलं होतं की मोल्ड हलवायला तीन महिने पत्रव्यवहार करावा लागला. करार करताना मी ते वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. मोल्ड आला, आमच्या यंत्रावर चढवला, ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं तापमान आणि दाब लावला, आणि कव्हर वाकडं निघालं. एका बाजूला फट. मोल्ड मोजला तर तो ड्रॉइंगपेक्षा दोन ठिकाणी वेगळा. तेरा वर्षांत तिथल्या फिटरने कुठे घासलं होतं, कुठे पातळ पत्रा घातला होता, मोल्ड गार करणारं एका बाजूचं पाणी जास्त थंड ठेवायची युक्ती काढली होती. ड्रॉइंग आमच्याकडे होतं, पंप बनत होता तो मात्र त्या माणसाच्या हाताने. काय न्यावं लागतं आणि काय आणावं लागतं, हे त्या आठवड्यात मला नीट समजलं.

मी त्या बाईंना फोन केला. काम संपलेलं होतं, उत्तर द्यायचं त्यांना काही बंधन नव्हतं. दोन दिवसांनी शेचाळीस पानांचे फोटो आले. मोल्डवाल्या फिटरची वही. अक्षर आम्हाला वाचता येत नव्हतं, पण आकडे, बाण आणि छोटी चित्रं समजत होती. शब्द त्यांनी नंतर फोनवर वाचून दाखवले, चार संध्याकाळी बसून. त्यानंतर पाचव्या दिवशी कव्हर सरळ निघालं.

वाइंडिंगला तर वहीसुद्धा नव्हती. नवं यंत्र आलं, ते बनवणाऱ्यांचा माणूस येऊन शिकवून गेला. तार गुंडाळली जायची, पण तयार मोटरमधून बारीक गुणगुण यायची. मग मी 2009 च्या त्या जुन्या कारागिराचा पत्ता काढला. निवृत्त झाले होते. सगळे त्यांना काका म्हणत, मीही. त्यांच्याकडे जायला मला संकोच वाटत होता, कारण त्यांची लाइन घालवणारी मीच होते. ते म्हणाले, "मॅडम, यंत्र दाखवा आधी." यंत्रापाशी उभे राहून त्यांनी बराच वेळ नुसती तार बोटांमधून जाऊ दिली. मग सांगितलं, की सुरुवातीच्या फेऱ्यांना ताण कमी आहे, शेवटी जास्त, म्हणून आतली गुंडाळी सैल बसते आणि गुणगुणते. ताण मोजून पाहिला तर खरंच तसं होतं. तीन महिने ते आठवड्यातून तीन दिवस येत राहिले. खाचेत इन्सुलेशनचा कागद कसा दुमडायचा, टोकं कशी बांधायची, आवाजावरून मोटर कशी ओळखायची, हे त्यांनी चार नव्या मुलांना आणि दोन मुलींना शिकवलं. घरी नेलेली ती लाकडी फॉर्मा एके दिवशी ते घेऊन आले. सॅम्पल हाताने गुंडाळायला ती आजही वापरतो.

पुरवठादारांचं दुखणं अजून पुरतं गेलेलं नाही. आपण नेतो ती एक लाइन, पण तिच्यामागून स्क्रूवाला, रबरवाला, स्टॅम्पिंगवाला हे सगळे आपोआप विझत जातात. ॲपलने 2013 मध्ये मॅक प्रो हा संगणक टेक्सासातल्या ऑस्टिनमध्ये बनवायला घेतला, तेव्हा एका विशिष्ट स्क्रूच्या टंचाईने काम रखडलं होतं. ही बातमी मी पूर्वी वाचली होती, पण तिचा चटका स्वतः अनुभवला तो कपॅसिटरच्या बाबतीत. आम्हाला लागतो तो कपॅसिटर देशात आमच्या संख्येला परवडेल असा कुणीच बनवत नव्हता. तो आजही बाहेरून येतो. बेअरिंगही. फरक एवढाच, की हे भाग छोटे आहेत, तीन महिन्यांचा साठा एका कपाटात मावतो. पंपांचा तेवढाच साठा ठेवायला गोदाम लागायचं.

सर्वात सुख दिलं ते पंप नव्याने मांडण्याच्या कामाने. डिझाइनच्या तिघांची टेबलं आम्ही वरच्या मजल्यावरून काढून लाइनशेजारी आणली. त्यांना आवाज आवडला नाही, पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली. मग जोडणीवरच्या एका मुलीने विचारलं, की कव्हरचे स्क्रू दोन बाजूंनी का आहेत, दर पंपाला मला तो उलटा करावा लागतो. कुणाकडेच उत्तर नव्हतं. 2006 च्या ड्रॉइंगमध्ये तसे होते, एवढंच. स्क्रू एका बाजूला आले, चौदाचे सहा झाले, दोन ठिकाणी प्लास्टिकचीच खटक्याची पकड आली. कपॅसिटरची जागा बदलल्याने एक तार आणि तिचे दोन जोड वाचले. केसिंगचं बीड थोडं कमी झालं. जोडणीला बावीस मिनिटं लागायची तिथे तेरा लागू लागली. 127 चे 114 झाले ते असे, रोज थोडे थोडे, आणि त्यातलं फार थोडं वरच्या मजल्यावर बसून सुचलेलं आहे.

2023 च्या मार्चमध्ये पहिला दोनशेचा लॉट केला. त्यातले एकतीस पंप हाय व्होल्टेज टेस्टमध्ये नापास झाले. त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढा खर्च करून आपण कंपनीला खड्ड्यात घातलं असं वाटत राहिलं. सकाळी काकांनी एक मोटर उघडली. स्टॅम्पिंगच्या कडेवर बारीक धार राहिली होती, तिने खाचेतला कागद कापला होता आणि तार लोखंडाला टेकत होती. दुपारी दोन वाजता आम्ही स्टॅम्पिंगवाल्याच्या शेडमध्ये, पत्रा कापणाऱ्या त्याच्या डायसमोर उभे होतो. डायची धार बोथट झाली होती. त्याने ती उतरवून पाजवायला घेतली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवी स्टॅम्पिंग आमच्या टेबलावर होती. खराब माल होता फक्त एकतीस नग. त्या संध्याकाळी मला 2014 चे ते अकरा आठवडे आठवले, आणि मी डिझाइनच्या मुलांना ती सगळी हकीकत पहिल्यांदा सांगितली.

आज त्या लाइनवर एकोणीस माणसं आहेत. चौसष्टची एकोणीसच झाली, ही गोष्ट मी कुणाशी बोलताना झाकून ठेवत नाही. उत्पादन परत आलं की रोजगार जसाच्या तसा परत येतो, असं सांगणाऱ्यांनी एकदा अशी लाइन पाहावी. जुन्यांपैकी दोघेच परतले. बाकीच्यांनी कधीच दुसरी वाट धरली होती. एकाने मला विचारलं, "तेव्हाच ही यंत्रं घेतली असती तर?" यंत्रं 2009 मध्येही मिळत होती, थोडी महाग होती. त्यांचा दर आम्ही मागवलाच नव्हता, आणि मी त्यांना तेच सांगितलं.

2023 च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कित्येक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. तेव्हा इतर कारखान्यांच्या परचेसमधल्या ओळखीच्यांचे फोन आले, आम्हीही परत आणू का, तुमचा तक्ता पाठवा. मी तक्ता पाठवते, पण आकडे पुसून. रकाने सगळ्यांचे सारखे असू शकतात, आकडे नाहीत. ज्या मालाचं मॉडेल वर्षानुवर्षं बदलत नाही, जो हलका आहे, ज्याच्या मागणीचा अंदाज बरोबर येतो, तो बाहेरच स्वस्त पडू शकतो.

आमच्याच मोठ्या पंपाचं तसं झालं. गेल्या वर्षी त्याचा करार संपत होता. मी पुन्हा एकोणीस रकाने भरले, या वेळी विसावा वाढवला, ड्रॉइंगबाहेरचं ज्ञान कुणाकडे आहे याचा. हिशेबाने सांगितलं, तिथेच राहू द्या. संख्या कमी, बिडाचं ओतकाम अवघड, आणि तसं ओतकाम करणारं आपल्याकडे कुणी उरलेलं नाही. आम्ही करार वाढवला. पलीकडून सही करणाऱ्या त्याच बाई होत्या. मोल्डच्या मालकीचं वाक्य या वेळी मी स्वतः लिहिलं, आणि त्याखाली एक कलम घातलं: यंत्राच्या सेटिंगची वही दर सहा महिन्यांनी दोन्हीकडे ठेवायची, आणि फिटरने केलेला प्रत्येक बदल तारखेसह त्यात लिहायचा. त्यांनी ते वाचलं आणि आमच्या बाजूचीही वही त्यांना मिळावी, अशी एक ओळ खाली जोडली.